पटाशीला काजळ

गेवराईच्या कचेरीतल्या मुन्शीच्या खाटेचे चार पाय कातायचे होते. तीन झाले होते. चौथा खरादावर चढवला होता अन् बायको माझ्यासमोर बसून वादी ओढत होती. आमचा खराद हातानं चालतो. लाकूड दोन लोखंडी टोकांत धरायचं, त्याला चामड्याची वादी गुंडाळायची, अन् एकानं वादीची दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची. लाकूड फिरतं. दुसऱ्यानं पटाशी लावून ते कातायचं. आमच्या घरात वादी तिची, पटाशी माझी. चाळीस वर्षं असंच चाललं.

तिनं हात थांबवला. "अवं, धार गेलीया. पाजवून घ्या."

"एवढा पाय हू दे. मग पाजवतो."

"हाताला लई जड लागतंय."

"बाभूळ हाय. जड लागंलच."

"आन् आधीचे तीन काय शेवरीचे हुते?"

मी पटाशी लाकडाला टेकवली. तिनं वादी पुन्हा धरली.

ती उगीच बोलली नव्हती. धार गेली की कातणाऱ्याच्या आधी ओढणाऱ्याला कळतं. बोथट पटाशी दाबावी लागते, दाबली की लाकूड अडतं, अन् सगळा भार वादीवरून तळहातात उतरतो. हे मला माझ्या सासऱ्यानं शिकवलं, तेही लाज काढून.

आम्ही जातीचे कातारीच, पण माझ्या बापानं खराद मोडून रान धरलं होतं. मला नांगर येत होता, पटाशी येत नव्हती. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून लग्नानंतर त्यानं मला चकलांब्याकडं आपल्या घरी ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "जावईबापू, पटाशी धरणं कुणालाबी येतं. पाजवणं आलं तर ऱ्हावा. न्हाई आलं तर आपली बैलं बरी."

मला घाई फार. दगडावर पटाशी घासताना मी तिची मूठ वर उचलायचो. तसं केलं की नुसतं टोक घासलं जातं अन् ते लवकर चमकतं. बघणाऱ्याला वाटतं धार आली. लाकडाला लावली की दोन वितीत बसते.

सासऱ्यानं पटाशी उन्हाला धरून बघितली. म्हणाला, "आरसा झ्याक केलात. आता बसा वादीवर."

त्या घराचा कायदाच होता. ज्यानं धार बिघडवली त्यानं वादी ओढायची, अन् त्याच पटाशीनं दुसऱ्यानं कातायचं. वादी ओढणं म्हणजे बायकांचं काम. मला दिवसभर ओट्यावर बसवलं, ऐन पाणंदीसमोर. पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एक तर म्हणाली, "आगं बया, जावयाला जुपलं की." संध्याकाळी माझ्या तळहाताची कातडी निघाली होती. बैलं बरी, असं मलाही वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरा आडवा झाला तशी ती काजळाची डबी घेऊन आली. नवीन लग्न, आम्ही अजून धड बोललो नव्हतो.

"तुमी मूठ उचलता," ती म्हणाली.

"न्हाई उचलत."

"उचलता. थांबा, दावते." तिनं बोटानं पटाशीच्या उतारावर काजळ फासलं. "आता घासा."

मी दोनदा घासली. टोकाचं काजळ गेलं होतं, मागचं सगळं तसंच काळं.

"दगड कुठं खातोय बगा. मूठ खाली घ्या. सगळं काजळ संगंच गेलं पायजे."

चार दिवस मी तेच करत होतो. पाचव्या दिवशी काजळ सगळीकडून सारखं गेलं. ती म्हणाली, "झालं. आता आबाला सांगू नका. अर्धी डबी तुमीच खाल्ली." सासऱ्यानं त्या पटाशीनं अख्खं लाटणं कातलं. मग वादी माझ्याकडनं घेऊन पोरीच्या हातात दिली. तेवढ्यावरून मी समजलो, की आपण राहिलो.

तर असा मी, ज्याला हे ठावं होतं, त्यानं परवा तिला म्हटलं, एवढा पाय हू दे.

पाय निम्मा झाला अन् तिनं वादी खाली ठेवली. "जरा पडते," म्हणाली अन् आत गेली. मी छिलका गोळा करत बसलो. नंतर पाणी मागितलं. दोनदा मागितलं. आत जाऊन बघितलं तर गेली होती.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. मी तिचा हात हातात घेतला, तेव्हा दिसलं. दोन्ही तळहातांवर वादीचा लाल पट्टा उमटला होता. चाळीस वर्षं ओढून तिचे हात चामड्यागत झाले होते, त्यांवर कधी वळ उठत नव्हता. लोक म्हणाले, तिचं भरलं होतं. भरलं असेल. मला त्यातलं कळत नाही. वादीचं कळतं.

सकाळी मी लेकाला हाक मारली. तोही खरादाचंच काम करतो, शेजारीच राहतो.

"पटाशी घे अन् बस."

"दादा, सुतक हाय. दहा दिस हत्याराला हात लावत न्हाईत."

"मला शिकवतो का बे? बस."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "मंग पाजवून तरी घेतो."

"न्हाई. हाय तशीच लाव."

मी तिच्या जागेवर बसलो अन् वादी धरली. लई जड होती. लेक दोनदा थांबला, म्हणाला, दादा पुरं. मी म्हटलं, दाब. चौथा पाय पुरा होईस्तवर ओढलं. मग सोललेले हात धुतले नाहीत, कोनाड्यातली तिची डबी काढली, बोटानं पटाशीला काजळ फासलं अन् दगडापाशी बसलो. मूठ खाली धरली. काजळ सगळीकडून सारखं गेलं, तेव्हा उठलो.