आईचे हात आणि त्या वर्षीचा गहू

बुटीबोरीच्या एका पिठाच्या मिलमध्ये मी गहू तपासतो. मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले की प्रथिनांचा आकडा समोर येतो. त्या आकड्याचा मला केवढा माज होता, हे सांगायलाही आता लाज वाटते.

आई घरी लंबी रोटी करून विकायची. सैल, ओली कणीक बराच वेळ आपटायची, दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. वर्षाचा गहू ती स्वतः दाणा चावून निवडायची.

त्या वर्षी फेब्रुवारीतच भयंकर तापलं. दाणा भरण्याआधीच पीक वाळलं. आईने बाजारात दाणा चावला आणि थुंकला. "हा नोको घेऊ गा. पोचट आहे."

आमच्या मिलमध्ये त्याच गव्हाचा आकडा झकास आला होता. "आई, दातापेक्षा मशीनले जास्त समजते," मी चारचौघांत म्हणालो. लोक हसले. तिने मुकाट्याने तोच गहू घेतला.

रोटी हातावरच फाटायला लागली. तिने पाणी कमी केलं, मीठ वाढवलं, कणीक दुप्पट आपटली. बेसाहून येणारी जुनी गिऱ्हाइकंही रिकाम्या हाताने परत गेली. गव्हाला बोल लावणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असं तिला वाटलं असावं. शिवाय गहू पोराने पास केलेला. "माहे हात गेले गा," म्हणाली आणि मडकं शेजारणीला देऊन टाकलं.

पुढच्याच महिन्यात बेकऱ्यांनी आमचं पीठ परत पाठवलं, तेव्हा मला उलगडा झाला. उन्हामुळे दाण्यात स्टार्च भरलाच नव्हता, म्हणून प्रथिनांचं प्रमाण नुसतं जास्त दिसत होतं. कणकेला चिवटपणा देणारी त्यांची घडणच उष्णतेने बिघडली होती. मिलमध्ये साहेबांपुढे मी चूक लगेच कबूल केली. घरी मात्र तोंड उघडलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय!

दोन वर्षांनी एकदा आई पोळ्या लाटत असताना सांगून टाकलं. लाटणं थांबलं.

"म्हंजे माहे हात चांगले होते?"

"हो."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि समोर धरून पाहिले. संधिवाताने बोटं आता खरोखरच वाकडी झाली होती.

"आता सांगून राहिला," ती म्हणाली.