तीस हजार एकतीस

"भाग जाते का पाह्य!" लाकडाच्या बुडावर नंबर टाकून झाला की तो बाजूलाच खडूनं भागाकार करायचा. एटापल्लीकडच्या लाकूड डेपोत आम्ही कामाला होतो. तो नंबर टाकणारा, मी चौकीदार. चंद्रपूरचा मुसलमान माणूस, सगळे चाचा म्हणायचे. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, काम सोडून भलत्यातच जीव असलेला.

ज्या आकड्याला कशानंच भाग जात नाही, तो त्याचा लाडका. एक तर त्यानं स्वतः बनवला होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळ्यांचा गुणाकार केला आणि वर एक टाकला. तीस हजार एकतीस.

"यातल्या कोनानंबी भागून पाह्य, एक उरतेच. याले कोनी तोडू शकत नाई."

"मंग त्याले काय चाटतो?" मी म्हणायचो. तो हसायचा.

माझी बायको चौथी शिकलेली. त्या पावसाळ्यात तिनं खाट धरली. छातीचा आजार. आता उठत नाही, हे तिलाही कळलं होतं. चाचा भेटायला आला. तब्येतीचं एक अक्षर विचारलं नाही, पाटीवर तो आकडा लिहून दिला. "बाई, तोडून दाखवा."

मला राग आला. मरणाऱ्या बाईला गणितं देतो! पण ती रोज दम लागेपर्यंत भागत बसायची. सतरानं भागून पाहिलं, एकोणीसनं पाहिलं, रोज एखादा.

मग चाचा मोजमापाला भामरागडकडे गेला आणि नाले चढले. रस्ता बंद. त्यातच एका दुपारी ती म्हणाली, "तुटला."

मला भागाकार येत नाही.

"तुमाले नाई समजत. चाचाले येऊ द्या."

तिचं जेवण सुटलं होतं. मी रोज नाल्यावर जाऊन पाणी पाहून यायचो. उतरतच नव्हतं.

चौथ्या दिवशी तो डोंग्यातून आला. गुडघ्यापर्यंत चिखल, तसाच खाटेजवळ बसला. पाटीवर तिनं लिहिलं होतं, एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. त्यानं दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा केलं. तोंड उतरलं त्याचं.

"गेला ना भाग, बाई."

"तुमी तेरावरच थांबले, चाचा. पुढं गेलेच नाई."

हसताना तिला खोकला आला, तरी हसतच राहिली. चाचानं दुसऱ्या दिवशी अख्ख्या डेपोत सांगितलं, बाईनं तोडला म्हणून. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरवीला तो दाराबाहेरच उभा होता. मी विचारलं, "नवा आकडा हाय का?"

"हाय. पन देऊ कोनाले?"

"मले दे."

"तुले पाढे तरी येते का?"

"मंग शिकव."

डेपोच्या फाटकावर बसून शिकवायचा. चुकलं की शिव्या घालायचा. सातापर्यंत आलो आणि त्याची बदली झाली. पुढं तोही गेल्याचं कोणीतरी सांगितलं.

आठाचा पाढा मी एकटाच म्हणतो. आठ सक अठ्ठेचाळीसपर्यंत जातो. पुढचं चुकलं तर शिवी द्यायला कोणी नाही.