खडूतलं नाव

दोंगगांगच्या मासळीबाजारात कुणालाही विचारा, फान मावशीनं एकदा एकटीनं अख्खा ट्यूना उचलला होता. किती किलोचा, ते सांगणाऱ्यावर आहे. कोळंबीवाली लिन काकू तोंडाशी हात नेऊन, जणू गुपितच, सांगते, "दीडशे! माझ्या डोळ्यांदेखत, बाई!" लिलाव पुकारणारा चुआंग काका लिलावाच्याच सुरात चढत जातो, "दोनशे, दोनशे दहा, दोनशे तीस, आहे कुणी पुढे?" आणि देवळासमोर पपईचं दूध विकणारा, जो त्या दिवशी बाजारात नव्हताच, तो म्हणतो, "तीनशे. आणि मासा जिवंत होता."

मी हे तिन्ही आवाज काढून फान मावशीला ऐकवले. लिन काकूला ती पोट धरून हसली. दूधवाल्यापर्यंत येईतो तिचं हसू गेलं होतं.

"ओल्या फरशीवर आकडा लावून ओढला मी तो," ती म्हणाली. "ओल्या फरशीवर मासा आपणहून चालतो. उचलला नाही. हे त्यांना सांग, मैने, त्यांच्याच आवाजात सांग."

मैना म्हणजे मी. खरं नाव जू-लिन, वय सतरा, पण बोलणाऱ्या पक्ष्याचं नाव मला तिनंच ठेवलं आणि आता वर्गशिक्षिकासुद्धा तेच घेतात.

मावशी चोपन्न वर्षांची. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं लाद्या ओढते. संध्याकाळी कोच हुंगच्या व्यायामशाळेत येते, मीही तिथेच शिकते. पूर्वी ते जाळ्यांचं गोदाम होतं, अजून पावसाळी हवेत भिंतींना जाळ्यांचा वास सुटतो. त्यातली एक भिंत कोचची. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत तीन प्रकार असतात: बार खांद्यावर घेऊन बसून उठायचं, बाकावर आडवं होऊन छातीवरून ढकलायचा, आणि जमिनीवरून उचलायचा. प्रत्येकी तीन संधी. तिन्ही प्रकारांत निदान एकेक उचल मान्य झाली तरच बेरीज होते. बेरीज झाली की कोच निळ्या ऑइलपेंटनं तुमचं नाव आणि आकडा भिंतीवर लिहितो. नाही झाली, तर खडूनं नुसतं नाव.

"बेरीज नसलेला माणूस मग कोण असतो, कोच?" मी एकदा विचारलं.

कोचचं नाक बारमाही चोंदलेलं. (हे कागदावर काढून दाखवता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.) "वजनं इकडची तिकडे ठेवणारा. त्याला बंदरावर हमाल म्हणतात, आणि हमालाला निदान पगार मिळतो."

माझं नाव निळ्यात होतं, दोनशे साडेसत्त्याहत्तर. मावशीचं सहा वर्षं खडूत. दर पावसाळ्यात ओलीनं पुसून जायचं आणि ती स्वतःच ते पुन्हा लिहायची. बाजारात कुणी नवखा कौतुकानं म्हणाला, "तुम्हीच ना त्या पॉवरलिफ्टर मावशी?" तर ती म्हणायची, "मी बर्फात असते."

बसून उठण्यात तिला कधी अडचण नव्हती, जमिनीवरून उचलण्यात तर नव्हतीच. घोळ होता तो बाकावर. तिथं बार खाली आणून छातीवर टेकवायचा आणि थांबायचं. बार अगदी स्थिर झाला की मुख्य पंच म्हणतो, "प्रेस." मग ढकलायचं. त्याआधी ढकललात तर लाल दिवा. तुम्ही तो बार छतापर्यंत नेलात तरी लालच. मावशीनं तीन स्पर्धांत मिळून नऊ वेळा ढकललं आणि नऊही वेळा पंचाच्या आधी.

"अगं, एक सेकंद," कोच कपाळ बडवायचा. "एक सेकंद थांबायला काय जातं तुझं?"

"एकोणतीस वर्षं बर्फात आहे मी, कोच. हातात वजन घेऊन थांबले तर गिऱ्हाइकाला पाणी विकावं लागेल."

सगळे हसायचे, तीही हसायची. पण या वसंतात हसू आटलं. तिचा उजवा खांदा सुजला, डॉक्टरनं फोटो काढला आणि सांगितलं की आतला स्नायू अर्धा फाटलाय. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया. त्यानंतर लाद्या ओढता येतील, बहुतेक. बाकावर आडवं होऊन ढकलणं मात्र बंद, कायमचं. मध्ये एकच स्पर्धा उरली होती, मे महिन्यातली, काओशुंगला.

म्हणून मी तिचा पंच झाले. आमच्याकडच्या स्पर्धांना मुख्य पंच बहुधा वेन सर असतात आणि त्यांचा आवाज मला झोपेतही येतो: कोरडा, थोडा नाराज, दुकानात पावती मागितल्यासारखा. "प्रेस." मावशी बाकावर, बार छातीवर, आणि मी डोक्याशी उभी राहून मुद्दाम वेळ काढायची. कचऱ्याच्या गाडीचं गाणं अख्खं म्हणायची. लिन काकू व्हायची. ती खालून ओरडायची, "मैने, मरते मी! म्हण ना!" आणि मी पावती मागायची. दोन महिन्यांत ती थांबायला शिकली. गोदामात. माझ्यापुढे.

"तिथं मंचावर नाही थांबणार तू," मी चिडवलं. "एकदाही नाही. लाव पैज."

"लावली. काय देशील?"

"हरलीस तर बाजारात लिलावाच्या ओट्यावर चढायचं आणि तीनदा ओरडायचं, मी पॉवरलिफ्टर आहे."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ती भिंतीकडे वळली. "आणि मी एकदा तरी थांबले, तर तुझं ते निळं खरवडायचं. माझ्याखाली खडूत लिहायचं. माझी बेरीज होईपर्यंत."

मी हसत हातावर टाळी दिली. तिची बेरीज व्हावी असंच मलाही वाटत होतं, मग पैजेचं काय मोठंसं?

काओशुंगला सकाळी तिनं एकशे पंधरा किलो खांद्यावर घेऊन बसून-उठून दाखवलं, तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांना मान्य. मग बाक. कोचनं मुद्दाम साठ किलोच मांडले होते, गोदामात ती साठ गप्पा मारत ढकलायची. मुख्य पंच वेन सरच.

पहिली खेप: बार टेकला आणि तसाच वर. लाल. दुसरी खेप: या वेळी ती थांबली असं मला वाटलं, पण वेन सरांचं तोंड उघडायच्या आत बार वर. लाल. खुर्चीत बसून ती स्वतःच्या हातांकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"वजन कमी करा ना," मी कोचला म्हटलं.

"एकदा मांडलं की कमी करता येत नाही. वाढवता येतं." नाक ओढून तो म्हणाला, "छान नियम आहे ना?"

तिसरी खेप. बार खाली आला, छातीवर टेकला, आणि मावशी थांबली.

खरंच थांबली. मी उडीच मारणार होते. पण "प्रेस" आलंच नाही. तिचा उजवा खांदा थरथरत होता, त्यामुळे बारचं एक टोक हलत होतं, आणि बार हलत असताना पंच बोलत नाही. ते टोक थांबण्याची वेन सर वाट बघत होते. वेन सरांची मावशी वाट बघत होती. आणि ती जितकी वाट बघेल तितका खांदा जास्त हलत होता. चुकत कुणीच नव्हतं. माझ्या घशात तो शब्द तयार होता, हुबेहूब, पावतीसकट. म्हटला असता तर तिनं ढकललं असतं आणि लाल झालं असतं. नाही म्हटला तर ती तिथंच संपत होती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. कोच जमिनीकडे बघत होता.

"प्रेस."

बार वर निघाला. वीतभर आला. तिथं उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला, मग खाली यायला लागला आणि बाजूच्या दोघांनी तो धरला.

बेरीज गेली. बेरीज गेली तरी जमिनीवरून उचलायला जाऊ देतात. मावशी गेली आणि तिनं एकशे साडेबावन्न उचलले, आजवरचे सर्वांत जास्त, ढळढळीत तीन पांढरे दिवे. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. ते एकशे साडेबावन्न कशात मिळवायचे हे फलकावर हिशोब लिहिणाऱ्या मुलीला कळेना. तिनं पुढच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

परतीच्या बसमध्ये मावशीनंच विचारलं, "वेन सर आजारी आहेत का गं? एवढा वेळ कुठं गेले होते?"

दुसऱ्या दिवशी गोदामात आले तर कोच निळा डबा उघडून बसला होता. "मी म्हणतो, एकशे साडेबावन्न झाले ना," तो तिला सांगत होता. "तेवढंच लिहितो. कोण विचारतंय?"

"आणि पुढे काय लिहिणार? ट्यूना?" मावशी म्हणाली. तिचा उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता. डाव्या हातात कारखान्यातली बर्फ खरवडायची पट्टी होती, ती तिनं माझ्यापुढे धरली.

"मैने. पैज."

"पण तू हरलीस ना!" माझा आवाज माझाच निघाला, आणि फार बारीक.

"बेरीज हरले. थांबले की नाही, सांग."

थांबली होती. माझ्याइतकं नीट ते कुणी पाहिलं नव्हतं. मी माझं नाव खरवडलं, दोनशे साडेसत्त्याहत्तरही खरवडले. दोन थर रंग होता, अर्धा तास गेला.

"हिची बेरीज होईपर्यंत, असं ठरलं होतं ना?" कोच डब्याचं झाकण ठोकत म्हणाला. "म्हणजे ही पोरगी आता कायमचीच खडूत."

"पैज लावताना तिला कळायला हवं होतं," मावशी म्हणाली आणि मला खडू दिला. "बारीक लिही. माझ्यापेक्षा मोठं नको."