सोळा जणांची संसद

आमच्या शाळेत आठवी-नववी मिळून पोरं सोळा. तालुक्याच्या युवा संसद स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा हेडमास्तर हसले. "बाई, इथी सरकारच पुरत नाई, विरोधी पक्ष कुठून आणता?" असं कोणी बोललं की माझं डोकंच फिरतं. मी तिथल्या तिथं नाव देऊन टाकलं.

पत्रात कोणत्याही लोकशाही देशाची संसद चालेल, असं होतं. मोबाइलवर शोधता शोधता तुवालू सापडला. प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं, खासदार बरोब्बर सोळा. पक्षच नाहीत. निवडून आलेले आपसांतून पंतप्रधान निवडतात आणि पटेनासा झाला की अविश्वास ठराव आणून उतरवतात. वर राजा आहे, पण तो राहतो इंग्लंडात. पोरांना त्याचंच फार हसू आलं. "मॅडम, हा राजा कायम रजेवरच असते का?"

पहिल्या नंबराला नागपूरला विधानभवन दाखवायला नेणार होते. सगळीच पोरं हुरळली, पण नववीतल्या एका मुलीचं तर विचारूच नका. धानाची शेती असलेल्या घरची पोर, चंद्रपूरच्या पुढं कधी गेली नव्हती. मावशीची बॅग मागून आणून तिनं तयारच ठेवली होती. तिच्या वाट्याला एकच प्रश्न होता: आमच्या बेटावर डॉक्टर कधी येणार? मग पंतप्रधानांचं भाषण आणि मतदान. सभापती सोडून पंधरा जणांची मतं, आठ विरुद्ध सात, सरकार वाचलं, टाळ्या. सगळं मीच लिहिलं होतं.

तालुक्याच्या गावी, पोंभुर्ण्याच्या हॉलमध्ये सगळं झकास चाललं. पंतप्रधान झालेला पोरगा तर बोटी, मासेमारी, समुद्राचं वाढतं पाणी असं धडाधड बोलला. सभापतींनी सरकारच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. हात आले सात, हवे होते आठ. माझी ही पोर मांडीवर हात ठेवून बसलेली. मी पडद्याआडून डोळे वटारले, खुणा केल्या, काही उपयोग नाही. सभापतींनी दोनदा मोजलं आणि घाबरत सांगितलं, "सरकार पडलं." पुढचं कोणालाच पाठ नव्हतं. पंतप्रधान माझ्याकडे बघत उभा राहिला, हॉल हसला आणि नंबर दुसऱ्या शाळेला गेला.

परतीच्या गाडीत मी तिच्यावर बरसलेच. "काऊन नाई केला हात वर? सगळ्यात जास्त तुलेच जायचं होतं ना नागपूरले?"

ती रडवेली झाली होती, पण बोलली. "मॅडम, मी डॉक्टरचं विचारलं. त्यानं बोटीचं सांगितलं, मासोळीचं सांगितलं. डॉक्टरचं सांगितलंच नाई. मंग हात कसा वर करू?"

डॉक्टरचं उत्तर मी भाषणात लिहिलं होतं. वेळ पुरेना म्हणून आदल्या दिवशी मीच खोडलं. वीस वर्षांच्या नोकरीत किती मीटिंगांमध्ये मी उत्तर न ऐकताच हात वर केला असेल, तेही तेव्हा आठवलं आणि खरं सांगते, मला लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून पंतप्रधान म्हणाला, "पुढच्या बोटीनं पाठवतो डॉक्टर."

तिनं डोळे पुसले. "आन् बोट बिघडली तं?"

सगळी गाडी हसली, मीही हसले. नागपूर राहिलं ते राहिलंच. मला त्याचं आता काही वाटत नाही. तिला वाटतं, आणि तरी पुन्हा वेळ आली तर ती हात खालीच ठेवेल.