मामांचं पांढरं वावर

उमापूरला मामांचं दोन एकर वावर होतं, पांढरंफट्ट. कालव्याचं पाणी मुरून मुरून खालचं मीठ वर आलेलं. त्यात कुसळही उगवायचं नाही. लोक मुद्दाम विचारायचे, "काय भाऊ, औंदा मिठाचा उतारा काय?" मामा हसायचे, पण त्या दिवशी घरी येऊन धड जेवायचे नाहीत.

मी बीडच्या कॉलेजात जंतूंवर संशोधन करते. त्या वावरातली ओंजळभर माती नेली, तर तिच्यातला एक नारिंगी जंतू खारट खाद्यावर वाढला. शेजारी जखमेच्या पुवातले जंतू सोडले, कुठल्याच औषधाला दाद न देणारे. सकाळी बघते तर नारिंगीभोवती स्वच्छ गोल, आतले सगळे मेलेले! अगं बाई, एकटीनंच टाळ्या पिटल्या. तो काहीतरी नवाच पदार्थ सोडत होता. कोणता, हे ओळखण्याइतका मात्र हाती येईना.

त्याच आनंदात मामांना फोन केला. ते म्हणाले, "मग त्या मातीचं बी काहीतरी कर की, पोरी." मी शहाणी! चर खणा, जिप्सम टाका, पाणी भरून मीठ धुवा, ताग गाडा, सगळं सांगून मोकळी.

मग जंतू रुसला. दर वेळी नव्या खाद्यावर घ्यावा, तर गोल लहान. एक दिवस गोलच नाही. फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या त्याच्या कुप्याही तशाच निघाल्या. दोन वर्षं डोकं आपटलं. शेवटी म्हटलं, मूळ माती आहे ना, घाबरायचं कशाला? पिशव्या घेऊन उमापूर गाठलं.

बांधावर चढले, तर पांढरं कुठंच नाही. हुरड्याला आलेली ज्वारी!

मी खुरपं घेऊन कोपरान् कोपरा उकरत सुटले. मामा मागोमाग. "कावून उकरतीस? मीठ ऱ्हायलंय का कुठं? दाव, तिथं बी जिप्सम टाकतो." मग पहिला हुरडा माझ्याच हातावर ठेवला. मला रडू आलं. तेही डोळे पुसायला लागले.

तीन पिशव्या माती आणली. एकीतही नारिंगी उगवला नाही. मामांना कोणत्या तोंडानं सांगू?

परवा त्यांचा फोन आला. "अगं, शेजारच्या दोघांची पांढरी वावरं बी धुवायला घेतली. मीच सांगितलं समदं. लई नाव काढतेत तुझं."

"बरं झालं, मामा," मी म्हणाले.