देवाशी घासाघीस

चर्चमधली उपासना संपली होती. आजारी माणसाच्या घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन जाताना आमचे पाळक मंडळीतल्या एकाला सोबत नेतात आणि तिथली प्रार्थना त्यानेच मोठ्याने करायची असते. आज त्यांनी शमुवेलकाकांना विचारलं, तर काका वाकून पायातल्याच चपला शोधू लागले.

मला हसू आलं, मायाही वाटली. देवाने कामाला पाठवलं तेव्हा जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठव म्हणून मोशेनेही अंग काढून पाहिलं होतं. गिदोनाने तर खूण म्हणून लोकर एकदा ओली, एकदा कोरडी मागून देवालाच पारखलं. लाकडाच्या वखारीत भाव करता करता केस पिकलेल्या मला ही घासाघीस कळते. देवाने नको त्या गावाला माफी दिली म्हणून रुसलेला योना तर माझा सख्खा भाऊच.

पाळक माझ्याकडे वळले. "मग तुम्ही चला, भाऊ."

आजारी होता दानिएल. भर सभेत मला 'उपरा' म्हणाला होता.

"त्याच्यासाठी मी प्रार्थना करू? दुसरा कोणी बघा!"

"मोशेही हेच म्हणाला होता."

मी चिडलो. "येतो. पण चारच वाक्यं बोलेन."

"दोन बोललात तरी पुरे."

आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याने मी देऊ केलं त्याहून कमी मागितलं. उठलो आणि त्यांच्यासोबत निघालो.