धुतलेली मुळं

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डाळिंबाच्या मर रोगाचे नमुने घ्यायला मी पाथर्डीकडे त्यांच्या मळ्यात गेले होते. मेलेली झाडं त्यांनी जाळली होती. माझ्यासाठी राखलेली तेवढी मुळं लख्ख धुऊन फडक्यात बांधली होती.

"पाव्हनीच्या हातात चिखल कसा द्यायचा?"

मी कपाळाला हात लावला. "अहो, रोगाच्या बुरशीचे जनुक वाचायला मला मुळांवरची मातीच हवी होती!"

त्यांनी ताटानं झाकलेली बादली पुढे सरकवली. मुळं धुतलेलं पाणी शेवग्यासाठी ठेवलं होतं.

"पानी कुनी फेकून देतं व्हय, ताई?"

प्रयोगशाळेत त्या गढूळ पाण्यातच बुरशी सापडली. मशीन तिचा जनुकक्रम अक्षर अक्षर वाचत होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला तो मुळं धुतलेल्या पाण्यावरही जपून झाकलेलं ते ताट आठवून.